वायफाय लावलं की लॅपटॉप हँग? या चुका टाळा

वायफाय जोडलं की पाच-दहा मिनिटांत लॅपटॉप हँग होतो, आणि घरातलं कुणीतरी लगेच फर्मान काढतं, ‘फॉरमॅट मारून आण.’ या दुखण्यातली सगळ्यात महागडी चूक हीच. फॉरमॅटनंतर विंडोज बहुतेक वेळा तोच ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) परत घालतं, पॉवरची मूळ सेटिंग्जही तीच येतात. डेटा मात्र जातो.

आधी हँग नक्की काय होतंय ते बघा. लॅपटॉप अडकला की पॉवर बटण दाबून धरण्याआधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय? मग विंडोज जिवंत आहे; ब्राउझर, डिस्क नाहीतर ग्राफिक्स अडकलंय. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर नेट आलं रे आलं की विंडोज अपडेट, वनड्राइव्ह आणि अँटिव्हायरस एकदम तुटून पडतात, डिस्क १०० टक्क्यांवर जाते आणि शिव्या वायफायला बसतात. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करून बघा, म्हणजे मागून चालणारी बरीच डाउनलोडं थांबतात. त्याने त्रास कमी झाला तर पैसे एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर, घाला. फक्त व्हिडिओ बघतानाच अडकत असेल तर ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रांचं काम ग्राफिक्स चिपवर टाकण्याची सोय) बंद करा.

दिवा ढिम्म, माऊस थिजलेला, स्पीकरमधून तोच आवाज घर्रर्र करत फिरतोय, तर मात्र प्रकरण ड्रायव्हर किंवा हार्डवेअरचं आहे.

आता अशी चूक, जी जवळजवळ प्रत्येकजण करतो. ‘मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पण हँग होतो, म्हणजे वायफायचा प्रश्न नाही.’ अहो, हॉटस्पॉट म्हणजे वायफायच! कार्ड तेच, ड्रायव्हर तोच. खरी चाचणी अशी: लॅपटॉपचं वायफाय बंद करा, फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (केबलवरून लॅपटॉपला नेट देणं) चालू करा आणि नेहमीचं काम करा. एरवी अर्ध्या तासात हँग होत असेल तर किमान तीन-चार तास वापरा. टिकला, तर संशय वायफायवर. तरीही अडकला, तर रॅम, डिस्क आणि तापमानाकडे वळा.

लालबागच्या एका घरातल्या लॅपटॉपची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोज रात्री वायफायवर हँग. दुकानात दोन दिवस चालू ठेवला, काही होईना. फॉरमॅट झाला, मग रॅम बदलली, मग राउटर. दुखणं तिथेच. दुकानात तो कायम चार्जरवर असायचा, घरी मात्र पलंगावर, बॅटरीवर; आणि हा फरक कुणी विचारलाच नाही. विंडोजच्या ‘बॅलन्स्ड’ पॉवर प्लॅनमध्ये बॅटरीवर पीसीआय एक्सप्रेसची (बोर्ड आणि कार्डांना जोडणाऱ्या लिंकची) वीज वाचवणारी सेटिंग ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ सहसा सगळ्यात जास्त बचतीवर असते, चार्जरवर मध्यम. वायफाय कार्ड याच लिंकवर बसतं. काही कार्डं त्या डुलकीतून नीट उठत नाहीत, ड्रायव्हर उत्तराची वाट बघत बसतो आणि त्याच्यापायी सगळं मशीन अडतं.

उपाय फुकट आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड. लिंक स्टेट ‘ऑफ’ करा, वायरलेस ॲडॅप्टर ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’वर ठेवा, दोन्ही ठिकाणी बॅटरीचा रकाना विसरू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूणही काढा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, चालतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हे पर्याय दिसतच नाहीत. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर घ्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एका दमात पाच बटणं फिरवणाऱ्याला कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

ड्रायव्हरच्या बाबतीत ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर घालू नका. डिव्हाइस मॅनेजर ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे’ म्हणतो, त्यावरही विसंबू नका. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर आधी ‘रोल बॅक’, म्हणजे जुना ड्रायव्हर परत आणा. ते बटण फिकट असेल तर अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर फाइल्स काढण्याची खूण करा. पण त्याआधी योग्य ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा! वायफाय उडवून मग ‘आता डाउनलोड कसा करू’ विचारणारे रोज भेटतात.

राउटर बदलणे: उगाच खर्च. चाळीत किंवा सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी असतेच, एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्याने नेट रखडतं, पण माऊस थिजत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या नोंदवहीतली) ‘कर्नल-पॉवर ४१’ नोंद घेऊन धावत सुटू नका. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ती सांगते. तिच्या आधीच्या दोन-चार मिनिटांत काय आहे ते वाचा. तिथे पीसीआय एक्सप्रेसचा उल्लेख असलेल्या ‘व्हिया-लॉगर १७’च्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) ओळी रांगेने दिसल्या तर लिंकवरचा संशय पक्का धरा.

शेवटी कार्ड. मुंबईच्या दमट हवेत संपर्कांवर थर धरतो. बॅटरीचा कनेक्टर काढा, कार्डाचा एकुलता स्क्रू काढा, सोनेरी कडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. अँटेनाच्या वायरींचा फोटो आधी काढा. त्यांचे बारीक कनेक्टर साधारण तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असतात, तेव्हा चाळा नको. तरी हँग होत असेल तर नवं कार्ड; पण लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ‘कुठलंही इंटेलचं द्या’ म्हणू नका. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबर चालतात, एएमडी प्रोसेसरच्या मशीनमध्ये ती निरुपयोगी. तिथे एएक्स२१० घ्या, २२३० मापाचं (२२ बाय ३० मिलिमीटर). कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं निघालं तर ते डिव्हाइस मॅनेजरमधून ‘डिसेबल’ करा आणि यूएसबी वायफाय डोंगल लावा.