मदरबोर्ड 'गेला' म्हणण्याआधी या चुका टाळा

संगणकाचं बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. अशा वेळी मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड) गेला असं म्हणायची घाई होते. मला ते मनापासून खटकतं, कारण चांगला बोर्ड असा भंगारात जातो.

आधी वीज बघा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर लावला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण प्रोसेसरला वीज लागते साधारण १ व्होल्टची, आणि पॉवर सप्लायकडून येतात १२ व्होल्ट. ते खाली उतरवतो व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या सॉकेटशेजारचं व्होल्टेज सांभाळणारं सर्किट. त्याला वीज मिळते ती बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या कनेक्टरमधून, बहुधा ८ पिनांच्या. तो रिकामा राहिला तर पंखे फिरतात, दिवे लागतात, प्रोसेसर मात्र उपाशी. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर तिथे कधीही दाबून बसवू नका. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात.

मग रॅम. नुसती आत गेली म्हणजे बसली असं नाही. खटका 'टक्' वाजून बंद व्हायला हवा. स्लॉट चार आणि रॅम दोन असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर पहिल्यांदा चालू करताना थोडा धीर धरा. बोर्ड रॅमशी वेळ जुळवत असतो, त्यात काही मिनिटंही जातात. मधेच बंद केलं तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डाला लावणं ही साधी चूक, पण होते.

सॉकेटमध्येच पिना असतील तर प्रोसेसर काढून टॉर्च तिरपा धरा. सगळ्या पिना एका रांगेत चमकतात. वाकलेली एखादी असेल तर त्या रांगेत तिथेच खाच दिसते. बोट लावू नका. आणि हात घालण्याआधी प्लग काढाच, कारण संगणक बंद असला तरी बोर्डावर ५ व्होल्टची स्टँडबाय वीज खेळत असते.

इतकं करूनही चालू होत नसेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम, बस्स. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावा. इथे चालू झाला, तर कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा धातूचा छोटा खांब) राहिलाय का ते शोधा. तो चुकीच्या जागी टेकला की शॉर्ट होतो.