पुण्याहून गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाताना

श्रीनगरच्या सहलीत गुलमर्गला एकच दिवस दिला की तो बराचसा गाडीत आणि गोंडोलाच्या (केबल कारच्या) रांगेत जातो. हाताशी उरतो तो भाड्याच्या स्की पायात घालून काढलेला फोटो. शिकायचं असेल तर गुलमर्ग-टंगमर्गला किमान चार रात्री ठेवा. पहिला दिवस बुटांशी झटापट करण्यात जातो, दुसरा पडण्यात. हवं तिथे थांबणं आणि वळणं साधारण तिसऱ्या दिवशी जमू लागतं.

नाताळच्या सुट्टीत जायचा मोह टाळा. 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस म्हणजे ‘चिल्लई कलाँ’, काश्मीरची सर्वांत कडक थंडी. पण नुसत्या थंडीने उतार भरत नाहीत. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग जवळजवळ महिनाभर कोरडं होतं. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलावा लागला. त्यातल्या त्यात भरवशाचा काळ फेब्रुवारीचा मध्य. मार्च उजाडला की दुपारचा बर्फ पाणावतो, रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा निसरडा होतो.

पुण्याहून दिल्लीमार्गे विमानाने जाणार असाल तर दिल्लीहून पहाटेचं विमान घेऊ नका. धुक्याचा फटका आधी त्यालाच बसतो. झेलम एक्सप्रेसने जम्मू, तिथून कटरा आणि मग जून 2025 पासून सुरू झालेली कटरा-श्रीनगर वंदे भारत हा वेळखाऊ, पण श्रीनगरच्या विमानतळावर अवलंबून नसलेला मार्ग. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

टंगमर्ग हे गुलमर्गच्या पायथ्याचं गाव, साधारण 13 किलोमीटर खाली. सहलीचं गणित सुटतं किंवा फसतं ते इथेच. रस्त्यावर बर्फ असला की साध्या गाड्या इथेच थांबवतात; वर जातात त्या चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्या. श्रीनगरहून गाडी ठरवताना विचारा : गुलमर्गच्या हॉटेलपर्यंत की टंगमर्गपर्यंत? चेनच्या गाडीचे पैसे धरून की वेगळे? हे न विचारता निघालेल्यांना टंगमर्गला बॅगा उतरवून नव्याने घासाघीस करावी लागते, तीही कुडकुडत.

मुक्काम टंगमर्गला केला तर खोली सहसा स्वस्त मिळते, बाजार हाताशी राहतो आणि पाणी गोठण्याचा त्रास थोडा कमी. पण रोज सकाळी वर पोहोचायची खात्री नाही, आणि ताजा बर्फ पडलेली सकाळ हीच सर्वांत मोलाची. आमचं मत : स्कीइंगच्या रात्री वर काढा, शेवटची टंगमर्गला. जवळचा द्रुंगचा धबधबा कडाक्याच्या थंडीत गोठलेला असतो, तोही पाहून होतो.

गमबूट आणि जाड कोट टंगमर्गच्या दुकानांत भाड्याने मिळतात. ते फिरायला ठीक, स्कीइंगला नाही. पुण्याच्या डिसेंबरातला लोकरी स्वेटर बर्फात भिजून जड होतो. अंगालगत थर्मल, वर फ्लीस, सर्वांत बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट असे तीन थर हवेत. हातमोजे मात्र स्वतःचे न्या, दोन जोड.

स्कीच्या बुटात एकच लांब, फार जाड नसलेला मोजा घाला. दोन मोजे घातले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर सुटावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, लगेच बदला. नवशिक्याला हनुवटीपर्यंत उंचीची स्की पुरे. बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) लावून देणाऱ्याला वजन खरं सांगा (चारचौघांत असलात तरी), कारण पडल्यावर बूट कधी सुटायचा हे त्या आकड्यावर ठरतं. भाडं ठरवताना स्की, बूट, काठ्या, प्रशिक्षक आणि तास, सगळं एकत्र बोलून घ्या. पद्धतशीर शिकायचं असेल तर 1968 पासून गुलमर्गमध्ये असलेल्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमांची चौकशी आधीच करा.

पहिला धडा स्नोप्लाऊचा. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबलेली. मागचा कोन वाढवला की वेग कमी होतो. उजवीकडे वळायला वजन डाव्या पायावर, डावीकडे वळायला उजव्यावर. भीतीने माणूस मागे रेलतो, मग टोकांवरचा दाब जातो आणि स्की पळू लागते. बहुतेक आपटण्यांचं कारण हेच. तोल गेलाच तर चढाकडच्या कुशीवर बसा. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उभं राहताक्षणी घसराल. पुण्यात महिनाभर पर्वतीच्या 103 पायऱ्या चढ-उतर केलेल्या मांड्यांना हे पुष्कळ सोपं जातं.

गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन काढावं लागतं. विमानाबरोबरच तेही बघा. ते हातात असलं की केबिनमध्ये बसायला गाइड लागत नाही, दारात कोणी काहीही सांगो. पहिला टप्पा गुलमर्गच्या 2,650 मीटरवरून कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवट डोंगरावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत. पुणं 560 मीटरवर आहे, म्हणून गुलमर्गला एक-दोन रात्री काढूनच दुसऱ्या टप्प्यावर जा. डोकं दुखून मळमळलं तर खाली या. वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असला की हा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे सहलीचा शेवटचा दिवस त्यासाठी राखू नका. नवशिक्याने वरून स्कीवर उतरायचा विचारही करू नये. तो उतार तासून सपाट केलेला नाही. तिथे जाणारे माहीतगार गाइडसह जातात; अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र) आणि पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडं असतं.

फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. परतताना गुलमर्गहून थेट विमानतळ गाठायचा हट्ट धरू नका. आदल्या रात्री श्रीनगरला पोहोचा, विमानतळावर तीन तास आधी जा (तपासणी फाटकापासूनच सुरू होते) आणि पुण्यातल्या कामावर रुजू होण्याआधी एक दिवस मोकळा ठेवा. बर्फ पडत असला की विमानं रद्द होतात.