अपघातानंतर क्लेमसाठी गाडीचे फोटो कसे काढावेत

अपघात झाला, मोबाइल हातात आला, की बहुतेक जण थेट पोचा आलेल्या दारावर कॅमेरा रोखतात आणि त्याचेच सात-आठ फोटो काढतात. तो पोचा विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेल्या सर्व्हेअरला गॅरेजमध्येही दिसणारच असतो. रस्ता मात्र त्याला दिसणार नसतो. क्लेम फॉर्मवर अपघाताची हकीकत लिहावी लागते आणि फोटो तिच्याशी जुळतात का, हे कंपनी तपासते. म्हणून फोटो लांबून सुरू करून जवळ यायचं.

त्याआधी माणसं. चारही इंडिकेटर लावा, मागे त्रिकोण ठेवा. कुणाला लागलं असेल तर १०८ किंवा ११२ लावा, फोटो नंतर. जखमी असतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाने २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. अशा वेळी जागेवरची तडजोड करू नका.

आता रस्ता. गाड्या जिथे थांबल्या तिथेच असताना, धोका नसेल तर, वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. दोन्ही गाड्या, ब्रेकचे व्रण, फुटलेल्या काचा, दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड, सगळं चौकटीत येऊ द्या. एक्स्प्रेस वेवर मात्र हा हट्ट नको. तिथे कठड्यापलीकडून जेवढं टिपता येईल तेवढंच.

समोरच्या गाडीची नंबरप्लेट लगेच टिपा, कारण ती गाडी कधी निघून जाईल सांगता येत नाही. तिचं नुकसानही घ्या. तुमच्या बंपरवर तिचा रंग घासला गेला असेल, तर दोन्हीकडच्या खुणा एकाच उंचीवर आहेत हे दाखवणारा फोटो फार उपयोगी पडतो.

मग स्वतःची गाडी. चारही कोपऱ्यांवर तिरकं उभं राहिलं की प्रत्येक फोटोत दोन बाजू येतात. पुढच्या-मागच्या फोटोत नंबरप्लेट स्पष्ट हवी. त्यानंतर नुकसान झालेला भाग साधारण हातभर अंतरावरून आणि शेवटी अगदी जवळून. पत्र्यावर फ्लॅश चकाकतो, म्हणून तो बंद ठेवून बाजूने टॉर्च मारा. उथळ पोचाही उठून दिसतो. ओडोमीटर, चॅसिस नंबर, आरसी, लायसन्स आणि पॉलिसी यांचा एकेक फोटो पुरे.

वाकून गाडीच्या खालचा फोटो घ्यायला बहुतेक जण विसरतात. तेल किंवा कूलंट गळत असेल तर त्या डागाचा फोटो काढा आणि टोइंग बोलवा. इंजिनखालचं तेलाचं चेंबर फुटलेलं असताना गाडी तशीच रेटली आणि इंजिन जाम झालं, तर तो पुढचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही.

जुने ओरखडे लपवू नका. पॉलिसी खंडित होऊन पुन्हा घेतली असेल, तर तेव्हाच्या तपासणीचे फोटो कंपनीकडे असतात आणि जुना ओरखडा तिथे सापडला की खऱ्या नुकसानीवरही शंका येते.

फोटोंवर फिल्टर नको, कापाकापी नको. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंदही जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काही कंपन्यांचं अ‍ॅप गॅलरीतले फोटो घेतच नाही, जागेवर कॅमेरा उघडूनच काढायला लावतं. तरी आपले मूळ फोटो जपून ठेवा.

क्लेमची माहिती गॅरेजचं काम सुरू होण्याआधी द्या. सर्व्हे होईपर्यंत किंवा कंपनीचा होकार येईपर्यंत एक स्क्रूही काढू देऊ नका. छोटे क्लेम अनेकदा फोटोंवरच मंजूर होतात. ५० हजार रुपयांच्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. गाडी उघडल्यावर आतलं नुकसान दिसलं, तर त्या भागांचे फोटो घेऊन पुन्हा कळवा.

पण क्लेम करावाच का? १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपलेच जातात, त्यापुढच्या गाडीला २,०००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिकच्या बंपरच्या किमतीतून घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम कापली जाते. वर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारा सवलतीचा बोनस, जातो, जो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. तीन हजारांच्या रंगकामासाठी तो घालवणं मला तरी परवडणारं वाटत नाही. गॅरेजवाल्याकडून आधी अंदाजपत्रक घ्या, मग ठरवा.

रक्कम कापली किंवा क्लेम फेटाळला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. तक्रारीला मूळ फोटो तारखेच्या क्रमाने जोडा.