गाठीच्या नावातला ‘ओमा’: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी गाठीच्या नावाच्या शेपटाकडे जाते. ‘ओमा’ दिसताच कुणाच्या पोटात गोळा येतो, तर कुणी ‘ओमा म्हणजे साधी, कर्करोग नसलेली गाठ’ म्हणून निर्धास्त होतो. दोघांचीही घाईच होते.

नियम तसा सोपा. चरबीची साधी गाठ लायपोमा, कूर्चेची कॉन्ड्रोमा, ग्रंथीची अ‍ॅडेनोमा. कर्करोग असेल तर चरबी, स्नायू, हाड यांच्या गाठीला ‘सार्कोमा’. त्वचा, ग्रंथी आणि अवयवांचं अस्तर यांच्या गाठीला ‘कार्सिनोमा’. गर्भाशयातला फायब्रॉइड रिपोर्टमध्ये ‘लायोमायोमा’ म्हणून येतो. त्याच स्नायूचा कर्करोग म्हणजे ‘लायोमायोसार्कोमा’. भरभर वाचताना नेमकं मधलं ‘सार्को’च सुटतं.

पण हा नियम पाठ करून थांबलात तर फसाल. लिम्फोमा, मेलानोमा, सेमिनोमा: नावं साध्या गाठींसारखी, तिन्ही कर्करोग. उलट ग्रॅन्युलोमा हा दाहामुळे जमलेला पेशींचा पुंजका, क्षयरोगात नेहमी दिसणारा. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. हे ट्यूमर नव्हेतच. ग्लॉकोमाचा, म्हणजे डोळ्यांतल्या काचबिंदूचा, तर गाठीशी काडीचाही संबंध नाही. ‘ब्लास्टोमा’चंही तेच. लहान मुलांच्या डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग, हाडातला ऑस्टिओब्लास्टोमा मात्र साधा.

नावाआधीचं विशेषण गाळू नका. अंडाशयातल्या ‘मॅच्युअर’ टेराटोमात केस, कधी चक्क दातही सापडतात, तरी तो बहुतेक वेळा साधाच असतो. ‘इमॅच्युअर’ असेल तर गोष्ट वेगळी. यकृतातल्या गाठीवर ‘मेटास्टॅटिक अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ लिहिलं असेल तर तो यकृताचा कर्करोग नव्हे. तो दुसरीकडून, समजा मोठ्या आतड्यातून, तिथे पोचलेला असतो आणि उपचारही त्या मूळ जागेनुसार ठरतात.

‘बिनाइन’, म्हणजे साधी गाठ, निरुपद्रवीच असते असंही धरून चालू नका. मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुधा साधा असतो, पण कवटीत जागा ती किती! मेंदूवर दाब आला की शस्त्रक्रिया करावी लागते. उलट त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा कर्करोग असूनही शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो.

शिवाय नावं बदलतात. आवरणात बंदिस्त राहणाऱ्या, आजूबाजूला न घुसणाऱ्या थायरॉइडच्या एका गाठीच्या नावातून 2016 मध्ये ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकला गेला. त्याआधीचा थायरॉइडचा रिपोर्ट घरात असेल, तर गाठीच्या नमुन्याच्या जुन्या स्लाइड्स (काचपट्ट्या) पुन्हा तपासून घ्याव्यात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.