खरेदीचे कागद: एका पीओला एक फोल्डर

लहान कारखान्यात खरेदीचे फोल्डर सहसा 'कोटेशन', 'पीओ' (परचेस ऑर्डर, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर), 'चलन' (मालासोबत येणारा कागद), 'बिलं' असे कागदाच्या प्रकाराने पाडलेले असतात. दिसतं नीटनेटकं. पण ऑडिटरने एका बिलावर बोट ठेवून "याचा पीओ आणि जीआरएन (माल मिळाल्याची आपली नोंद) दाखवा" म्हटलं, की चार ठिकाणी शोधाशोध. त्यापेक्षा फोल्डर पीओनिहाय करा.

सगळ्यात वर आर्थिक वर्ष, आत 'पीओ-०४२_पुरवठादाराचं नाव'. पीओ मार्चचा आणि माल एप्रिलमध्ये आला, तरी फोल्डर पीओच्याच वर्षात राहू द्या.

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी: '२०२५-०६-१४_बिल_जीएस-२४५'. दिवस आधी लिहिला तर ५ जून आणि ५ जुलै शेजारी येऊन बसतात. बिलावर 'जीएस/२४५' असं छापलेलं असतं, पण तिरकी रेघ विंडोज फाइलच्या नावात घेत नाही. तिथे डॅश टाका, आणि सगळ्यांनी डॅशच.

खरा घोळ माल तुकड्यातुकड्याने येतो तेव्हा. ५०० बेअरिंगची ऑर्डर. आधी ३०० आले, मग १८०, उरलेले २० आलेच नाहीत. चलनं दोन, बिल मात्र एकच आणि तेही ५०० चं. जीआरएनना '०४२-१', '०४२-२' असे नंबर द्या आणि फोल्डरच्या नावापुढे 'बाकी' जोडा. न आलेल्या २० नगांची क्रेडिट नोट (तेवढी रक्कम बिलातून कमी केल्याचा पुरवठादाराचा कागद) त्याच फोल्डरात पडली, की मगच 'बाकी' काढा. दर सोमवारी तेवढाच शब्द सर्च केला, की लोंबकळलेले सगळे व्यवहार समोर येतात.

पुरवठादाराचं जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल चेक आणि उद्यम सर्टिफिकेट वेगळ्या फोल्डरात ठेवा. उद्यम हमखास राहून जातं, आणि पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे का, हे त्यावरूनच कळतं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत भागवावं लागतं. चुकलात तर आयकरात तो खर्च पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो.

जीएसटीसाठी कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे. २०२३-२४ चे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. वजनकाट्याची थर्मल पावती तितकी टिकत नाही, अक्षरं त्याआधीच उडतात. आली त्याच दिवशी स्कॅन करा, झेरॉक्स मूळ पावतीला टाचा. लॅमिनेशनच्या फंदात पडू नका, उष्णतेने ती काळीठिक्कर पडते.