जुन्या स्पोर्ट्स कारमधील इंजिन माउंट आणि अलाइनमेंटचे दोष कसे ओळखावेत

पुढे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले इंजिन, त्याला जोडलेला गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट (लांब फिरती नळी), अशी रचना १९६० आणि १९७० च्या दशकांतील बहुसंख्य स्पोर्ट्स कारमध्ये आढळते. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून झालेला हा एकच जड तुकडा सहसा तीन किंवा चार फाउंडेशन रबरांवर, म्हणजेच माउंटवर, टेकलेला असतो. त्यांपैकी एक रबर खचले, की दोष दिसतो तो भलतीकडेच: गिअरचा दांडा हलतो, क्लच सोडताना गाडी थरथरते, सायलेन्सरचा पाइप तळाला आपटतो किंवा पंखा रेडिएटरला घासतो. त्यामुळे नवे रबर मागवण्याआधी कंप कोणत्या भाराखाली येतो हे निश्चित करावे आणि जुने बोल्ट सैल करण्याआधी मापे घ्यावीत. एकदा इंजिन उचलले की मूळ दोषाचा पुरावा नाहीसा होतो.

सुरुवात कंपाची वर्गवारी करण्यापासून करावी. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवावेत. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलला सेकंदाला सुमारे सत्तावीस धक्के बसतात. आयडलला जाणवणारी आणि फेरे वाढताच विरणारी थरथर बहुतेक वेळा कार्बुरेटर, इग्निशन किंवा एखाद्या अशक्त सिलिंडरमुळे असते. कडक झालेले रबर ती फक्त आतपर्यंत पोहोचवते. याउलट, कंप गाडीच्या ठरावीक वेगालाच येत असेल, तर त्याच वेगाला वेगवेगळ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. गिअर बदलला तरी कंप तसाच राहिला, तर शोध प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस (दोन्ही टोकांचे वाकू शकणारे सांधे), डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरांचा संच) आणि चाके यांच्याकडे वळवावा. गिअर बदलताच तो गेला, तर संशय इंजिनावर आणि त्याच्या माउंटवर येतो. केवळ टॉप गिअरमधील निरीक्षणावर विसंबू नये, कारण डायरेक्ट टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात.

माउंटची खरी परीक्षा भाराखाली होते, आणि न्यूट्रलमध्ये कितीही रेस केली तरी तो भार येत नाही. माउंटना इंजिन आणि गिअरबॉक्स या दोघांना मिळून धरून ठेवायचे असते, म्हणून त्यांच्यावर येणारी पीळ ही प्रोपेलर शाफ्टला मिळणाऱ्या टॉर्कइतकी असते. इंजिनाचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.४ असेल, तर माउंटवर सुमारे ५०० न्यूटन-मीटर येतात. चाचणीसाठी गाडीपुढची आणि मागची जागा मोकळी ठेवावी, चाकांना अडण्या लावाव्यात, हँडब्रेक ओढून पायाचा ब्रेकही दाबून धरावा आणि आयडलवरच पहिल्या गिअरमध्ये क्लच पकडेपर्यंत क्षणभरच सोडावा. निरीक्षकाने बॉनेट उघडे ठेवून बाजूला, पंख्यापासून दूर उभे राहावे. गाडीच्या समोर किंवा मागे कधीही उभे राहू नये. नंतर हीच कृती रिव्हर्समध्ये करावी.

बहुतेक इंजिने समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. अशा गाडीत पुढच्या गिअरमध्ये चालकाच्या आसनावरून पाहता डावी बाजू उचलली जाते आणि रिव्हर्समध्ये उजवी. निरोगी इंजिन थोडे झुकते आणि सावकाश जागेवर येते. एकाच दिशेला ते ठळकपणे जास्त उचलले जात असेल किंवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत असेल, तर उचलल्या जाणाऱ्या बाजूचे रबर धातूच्या पट्टीपासून सुटले असण्याची शक्यता मोठी असते. हा दोष केवळ गैरसोयीचा आहे असे समजू नये. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला याच कारणासाठी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील सुमारे ६७ लाख शेव्हरोले वाहने परत बोलवावी लागली: माउंट तुटल्यावर इंजिन उचलले जाऊन थ्रॉटल ओढला जाऊ शकत होता.

त्यानंतर इंजिन थंड असताना प्रत्यक्ष तपासणी करावी. ऑइल संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) रुंद लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाचा भार अलगद हलका करावा. ड्रेन प्लगवर किंवा पातळ पत्र्यावर जॅक टेकवू नये, आणि गाडीखाली जायचे असल्यास ती भक्कम स्टँडवरच असावी. सुटलेल्या रबरात या वेळी फट उघडते, जी भाराखाली मिटलेली असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचे रबर उष्णतेने कडक होऊन तडकते, तर तेल गळणाऱ्या बाजूचे मऊ होऊन फुगते. दुसऱ्या प्रकारात गळती थांबवल्याशिवाय नवे रबर बसवणे व्यर्थ आहे. क्लच प्लेटला तेल लागले तरी गाडी थरथरतच सुटते, हेही येथे लक्षात ठेवावे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी तुटलेली नाही ना, हेसुद्धा पाहावे, कारण माउंट रबराचे असल्याने स्टार्टरचा प्रवाह मग क्लच किंवा थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो.

यापुढचा भाग अलाइनमेंटचा, म्हणजे हे भाग एकमेकांशी योग्य कोनात जुळण्याचा आहे, आणि बहुतेक दुरुस्त्या नेमक्या येथेच अपुऱ्या राहतात. गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली असताना अँगल गेजने तीन उतार मोजावेत: गिअरबॉक्सच्या आउटपुट फ्लँजचा (शाफ्ट जोडला जातो त्या चकतीचा), शाफ्टच्या नळीचा आणि डिफरन्शियलच्या पिनियन फ्लँजचा (शाफ्टच्या मागच्या टोकाच्या तशाच चकतीचा). चाके लोंबकळत ठेवून घेतलेली मापे निरुपयोगी ठरतात. प्रत्येक क्रॉसवरचा कोन म्हणजे शेजारच्या दोन उतारांमधील फरक. साधारण नियम असा, की दोन्ही कोन सुमारे तीन अंशांच्या आत असावेत आणि त्यांच्यात एका अंशाहून अधिक तफावत नसावी. मात्र ते अगदी शून्यही नसावेत, नाहीतर क्रॉसमधील सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) एकाच जागी दाबल्या जाऊन खाचा पडतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे असतील, तर तेच प्रमाण मानावेत.

समजा, गिअरबॉक्सचा उतार मागे ३ अंश, शाफ्टचा ५ आणि पिनियनचा पुन्हा ३ आहे. दोन्ही क्रॉसवर २ अंशांचे सारखे कोन येतात आणि एकाने निर्माण केलेला असमान वेग दुसरा पुसून टाकतो. आता गिअरबॉक्सखालचे रबर १० मिलिमीटर खचले, पुढच्या माउंटपासून त्याचे अंतर ९०० मिलिमीटर आणि शाफ्टची लांबी १२०० मिलिमीटर आहे असे धरू. गिअरबॉक्सचा उतार सुमारे ३.६ अंश होतो, शाफ्टचा ४.५ वर येतो, म्हणजे पुढच्या क्रॉसवर केवळ ०.९ आणि मागच्या क्रॉसवर १.५ अंश उरतात. तफावत अजून एका अंशाच्या आत असली, तरी बोटाच्या रुंदीहूनही कमी खचण्याने समतोल बिघडू लागतो, आणि शाफ्टच्या दर फेऱ्याला दोनदा धक्का देणारा कंप सुरू होऊ शकतो.

इंजिन नुकतेच उघडून पुन्हा बसवले असेल, तर बेलहाउसिंगही (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले क्लचभोवतीचे कवच) तपासावे. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून बेलहाउसिंगच्या मधल्या छिद्राच्या कडेवरून तो फिरवावा. अनेक मॅन्युअल एकूण वाचन ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात, आणि प्रत्यक्ष केंद्रभ्रंश (केंद्र बाजूला सरकण्याचे अंतर) या वाचनाच्या निम्मा असतो. हरवलेल्या डॉवेल पिना (दोन भाग नेमक्या जागी धरणाऱ्या खुंट्या) हे येथील नेहमीचे कारण असते, तर गिअर आपोआप सुटणे आणि क्लच प्लेटचा हब लवकर झिजणे ही त्याची लक्षणे आहेत.

नवी रबरे जोडीनेच बसवावीत. पॉलियुरेथेनची रबरे टिकतात, पण ती कडक असल्यामुळे बॉडीपर्यंत अधिक कंप पोहोचवतात. रस्त्यावर चालवायच्या जुन्या गाडीसाठी मूळ प्रकारचे रबर मला अधिक योग्य वाटते. गोदामात दशकानुदशके पडून राहिलेले जुने रबर मात्र टाळावे, कारण न वापरताही ते म्हातारे होते. बसवताना सायलेन्सरचे क्लॅम्प आणि सर्व माउंटचे बोल्ट आधी सैल ठेवून इंजिन हाताने हलवावे, ते आपल्या जागी विसावू द्यावे आणि मग बोल्ट आवळावेत; क्लॅम्प सर्वांत शेवटी, अन्यथा पाइपच इंजिनाला एका बाजूला ओढून धरतो. काही शे किलोमीटर चालवून रबरे दबली, की तीनही उतार पुन्हा मोजावेत आणि तरीही तफावत उरली, तरच गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरखाली (गिअरबॉक्सला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीखाली) शिम, म्हणजे पातळ चकती, घालण्याचा विचार करावा.