एकाच मोबाइलच्या दोन छायाचित्रांवरून अंतर कसे मोजावे

हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि डोळे आळीपाळीने मिटावेत. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो, मागची भिंत मात्र जवळजवळ जागेवरच राहते. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असते. तेवढ्याने दोन दृष्टिपटलांवरील प्रतिमांत पडणाऱ्या फरकातून खोलीची जाणीव होते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आरशांच्या उपकरणाने दाखवून दिले. दोन कॅमेऱ्यांचे यंत्रही हाच फरक मोजते, आणि एक मोबाइल बाजूला सरकवून आपल्यालाही तो मोजता येतो.

आधी घरी कॅमेऱ्याचा गुणांक काढावा. भिंतीवर मीटरपट्टी आडवी चिकटवून बरोबर ३ मीटरवरून, झूम न करता, तिचे सरळ समोरून छायाचित्र घ्यावे. पट्टीने छायाचित्रात १००० पिक्सेल व्यापले, तर गुणांक १००० गुणिले ३, म्हणजे ३००० होय. पुढची सर्व छायाचित्रे याच कॅमेऱ्याने आणि याच आकारात घ्यावीत.

आता मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर, नरिमन पॉइंटच्या बाजूला जावे. एक सरळ फळी कट्ट्यावर ठेवून तिच्यावर ६० सेंटिमीटर अंतराने दोन खुणा कराव्यात, डावीकडच्या खुणेवर मोबाइल उभा धरून पहिले छायाचित्र घ्यावे आणि मग त्याची पाठ फळीच्या कडेला समांतर ठेवूनच उजव्या खुणेपर्यंत सरकवून दुसरे घ्यावे. चौकटीच्या मध्याजवळ पदपथावरचा एखादा दिव्याचा खांब आणि खाडीपलीकडचा मलबार हिल, दोन्ही यायला हवेत.

येथे सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. जवळचे पाहताना आपले डोळे आत वळतात. मोबाइल मात्र अजिबात वळता कामा नये, पण हाताने तो थोडा वळतोच. म्हणूनच मलबार हिल चौकटीत हवा. तो दोन किलोमीटरहून दूर असल्यामुळे ६० सेंटिमीटरच्या सरकण्याने त्याची जागा एका पिक्सेलनेही बदलायला नको, तेव्हा तेथील एखादी इमारत सरकलेली दिसली तर तो मोबाइल वळल्याचा परिणाम समजावा आणि तेवढे पिक्सेल, दिशा लक्षात घेऊन, खांबाच्या सरकण्यातून वजा करावेत. हा साधा उपाय मला या पद्धतीतला सर्वात मोलाचा भाग वाटतो.

पिक्सेलची जागा दाखवणाऱ्या कोणत्याही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये खांबाची तीच कडा दोन्ही छायाचित्रांत शोधावी. दुरुस्तीनंतर ती ६० पिक्सेल सरकलेली आढळली, तर अंतर म्हणजे गुणांक गुणिले खुणांमधील मीटर भागिले सरकलेले पिक्सेल: ३००० गुणिले ०.६ भागिले ६०, म्हणजे ३० मीटर. मोजण्यात एका पिक्सेलची चूक झाली तरी उत्तर सुमारे अर्ध्या मीटरनेच चुकते. सरकवणे डोळ्यांमधल्या अंतराएवढे, म्हणजे जेमतेम ६ सेंटिमीटर ठेवले असते, तर खांब केवळ ६ पिक्सेल सरकला असता आणि तीच चूक उत्तर २६ ते ३६ मीटरांमध्ये कुठेही नेऊन ठेवती. अंतर दुप्पट झाले की चूक साधारण चौपट होते, त्यामुळे दूरच्या वस्तूसाठी खुणांमधील अंतर वाढवणे हाच मार्ग.

लाटा, चालणारी माणसे आणि धावत्या टॅक्सी यांवर मोजमाप करू नये, कारण दोन छायाचित्रांमधल्या वेळात त्या हललेल्या असतात. कोऱ्या आकाशात जुळवायला खूणच सापडत नाही. एकसारख्या गजांचा कठडाही टाळावा, कारण चौथा गज पाचव्याशी जुळवला गेला की उत्तर पार चुकते. जुळवणीसाठी वस्तू ओळखता येणे मात्र आवश्यक नसते: दृष्टीचे संशोधक बेला युलेस यांनी १९६० मध्ये केवळ विखुरलेल्या ठिपक्यांच्या जोडचित्रांतून, एका डोळ्याला कोणताही आकार दिसत नसतानाही, दोन डोळ्यांना खोली दिसते हे सिद्ध केले.

शेवटी टेपने खांबापर्यंतचे अंतर प्रत्यक्ष मोजून पाहावे. फरक मीटरभराहून जास्त निघाला, तर गुणांकाला हात लावण्याआधी मलबार हिलवरची वजाबाकी योग्य दिशेने केली आहे का, हे तपासावे.